उन्हाच्या गावी सुट्टी

एप्रिलचा पहिला पंधरवडा सरत आला की आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागते आणि बेळगावातल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो, ‘यंदा कुठं?’ मुलांना समुद्र हवा असतो, आजीला बनशंकरी, आणि वडिलांना नुसती दोन दिवस झोप. गंमत अशी की आपण राहतो ते गाव स्वतःच थंड हवेच्या ठिकाणाचं धाकटं भावंड. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची, संध्याकाळी पश्चिमेकडून येणारा वारा आणि मे उजाडला की वळवाची एखादी सर. सोलापूरचे पाहुणे मे महिन्यात आपल्याकडे मुक्कामाला येतात ते उगीच नव्हे. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण मात्र गाडी काढून पूर्वेला बदामी, विजापूर, हंपीकडे निघतो, नाहीतर घाट उतरून गोवा-मालवण गाठतो. सावलीतून उठायचं, उन्हात जाऊन बसायचं आणि त्याला सुट्टी म्हणायचं!

बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. पण सीमाभागातल्या माणसाला यामागचं गणित ठाऊक आहे. आपली मुलं कर्नाटकाच्या वेळापत्रकाने शिकतात. इथल्या शाळा मेअखेरीस उघडतात. आत्या, मावशी, मामा पलीकडे कोल्हापूर-पुण्याला. तिथल्या परीक्षा एप्रिलमध्ये लांबत जातात आणि शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र मोकळे मिळतात ते दिवस म्हणजे मे महिना. त्यातले लग्नाचे मुहूर्त वजा करा. उरतात आठ-दहा दिवस, आणि ते वर्षातले सगळ्यांत तापलेले. म्हणजे उन्हाच्या गावी जावं की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्न नसतोच. भाचरांबरोबर चार दिवस काढायचे असतील तर ते मे महिन्यातच काढायचे असतात.

मग थंड हवेच्या ठिकाणी का जात नाही, असं कुणी विचारील. जातात की. सगळेच जातात, हीच अडचण आहे. उटी आणि कोडाईकनालला तर इतकी वाहनं चढू लागली की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून तिथे जाणाऱ्या गाड्यांना ई-पास घ्यावा लागला. महाबळेश्वरच्या घाटात तीन तास अडकलेल्या गाडीत बाहेरची हवा थंड असून काय उपयोग? शिवाय त्या दिवसांतले खोल्यांचे दर ऐकले की अंगाला आपोआप गारवा येतो.

तेव्हा पुन्हा विजापूर, बदामी, हंपी. इतिहास शिकवणारी असल्यामुळे या तिन्ही गावांना मी अनेकदा गेले आहे, विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात आणि घरच्यांबरोबर मे महिन्यात. दोन्हींतला फरक सांगण्यासारखा आहे, आणि तो फक्त पाऱ्याचा नाही.

आधी पाऱ्याचं बोलू. वर्तमानपत्रात ‘विजापूर ४१’ असं छापून येतं, ते तापमान हवेशीर लाकडी पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. आपण उभे असतो ते भर उन्हात, तापलेल्या दगडावर. तिथे अंगाला जो चटका बसतो त्याचा आकडा कुणी छापत नाही. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या या सगळ्या पट्ट्यात, आधी हंपी, मग बेळगाव-बदामी, मग विजापूर अशा क्रमाने, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या खांबाची सावली त्या क्षणी नाहीशी होते. विज्ञानाच्या पुस्तकातली ती शून्य सावली अंगणात काठी रोवून पाहण्यात मौज आहे. पण ज्या गावात भर बाराला खांबालासुद्धा सावली मिळत नाही, तिथे आजीला कुठे उभं करणार आहात?

विठ्ठलाच्या दारापर्यंत

आमच्या गल्लीतलं एक कुटुंब काही वर्षांपूर्वी मे महिन्यात हंपीला गेलं. लहानमोठी आठ माणसं, एक मोठी गाडी आणि ‘दोन दिवसांत चौदा ठिकाणं’ असा कागद. होस्पेटच्या लॉजवर न्याहारी आटोपून निघेपर्यंत नऊ वाजले. विरूपाक्ष मंदिरात चपला काढून अंगणातल्या फरशीवरून जाताना पोरं उड्या मारत पळाली. आजींना पळता येत नव्हतं. तिथून हेमकूट टेकडी, मग गणपती, मग नरसिंह. विठ्ठल मंदिराच्या वाहनतळावर पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. तिथून मंदिरापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, पण सुट्टीत त्यांना रांग असते. त्या रांगेतच आजींना भोवळ आली. वय सत्तरीच्या पुढचं, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना गाडीत एसी लावून बसवलं, थोरला मुलगा जवळ थांबला, बाकीचे जाऊन फोटो काढून आले. रात्री होस्पेटच्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. जिवावरचं निभावलं.

सूनबाई हे सांगत होत्या तेव्हा आजी तिथेच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, मला बाकी काही नव्हतंच बघायचं. विठ्ठलाचं तेवढं बघायचं होतं.”

पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपली परंपरा सांगते. आजींनी ही कथा लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. हंपीच्या त्या देवळात आज मूर्ती नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. रिकामा गाभाराच त्यांना पाहायचा होता. चौदा ठिकाणांच्या यादीत ते ठिकाण सकाळी सातला घेतलं असतं आणि बाकीच्या तेरांतली नऊ सोडली असती, तर आजी वाहनतळावरून परत आल्या नसत्या. मंदिराचं तिकीटघर उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवली की झालं. पण आपल्याकडे सहलीची यादी माणसांना विचारून होत नाही. गाडीचं भाडं वसूल व्हावं म्हणून होते.

माझं म्हणणं असं की उन्हाच्या गावची सुट्टी बिघडते ती या कागदामुळे. ऊन त्या गावांना नवं नाही. तिथली माणसं त्यात पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत, आणि ती मे महिन्यात दुपारी बारा वाजता कुठल्याही देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत.

विजापूरची दुपार

मागे पुण्याहून नणंदेचं कुटुंब आलं होतं, तेव्हा आम्ही मिळून विजापूरला दोन रात्री राहिलो. बेळगावहून सुमारे २०० किलोमीटर. पहिल्याच दिवशी ठरवलं की दहा ते साडेचार या वेळात खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. नंदोईंना हे पटलं नव्हतं. “वहिनी, झोपायलाच आलोय का आपण एवढ्या लांब?” असं दोनदा म्हणून झालं.

सकाळी गोलघुमटाचं दार उघडताच आत गेलो. मुहंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला. चार कोपऱ्यांवर चार सात मजली मनोरे, आत अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना, आणि वर घुमटाच्या आत फिरणारा सज्जा. घुमटाचा आतला व्यास जवळजवळ ३८ मीटर. त्या सज्ज्यात एका टोकाला भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, हे सर्वांना माहीत असतं, पण बहुतेकांना ते ऐकू येत नाही, कारण दहानंतर तिथे शंभर पोरं एकाच वेळी किंचाळत असतात. आम्ही गेलो तेव्हा वर जेमतेम पंधरा माणसं होती. भाच्याने हळूच भिंतीला तोंड लावून आपल्या आजोबांना हाक मारली आणि पलीकडे बसलेल्या आजोबांनी दचकून मान वळवली. हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या गर्दीत हा प्रयोग मला एकदाही साधलेला नाही. उन्हाळ्याच्या पहाटेचं हे देणं आहे.

खाली उतरून कबरीपाशी आलो तर तिथे चक्क गारवा होता. भिंती सुमारे तीन मीटर जाड. एवढा दगड तापायला दिवस लागतो. आत सकाळी उरलेला असतो तो रात्रीचा थंडावा. याची दुसरी बाजू लॉजवर कळते. वरच्या मजल्यावरची खोली घेतली तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आपली उष्णता तुमच्या अंगावर सोडत बसतो. खोली घेताना लोक ‘वरून गाव दिसतं का’ विचारतात. मे महिन्यात विचारायचं ते ‘खोलीवर आणखी मजला आहे का’ हे.

दुपारी जेवून सगळे आडवे झाले. नंदोई कुरकुरत पत्ते पिसू लागले आणि मग चार तास जे झालं ते पुण्यात वर्षभरात होत नाही. सासऱ्यांनी नातवंडांना झब्बू शिकवला. दोन्ही घरच्या पोरांची भांडणं झाली, मिटली. नणंद आणि मी फरशीवर ओला पंचा पसरून त्यावर पाय ठेवून बसलो आणि कितीतरी वर्षांनी काही काम हातात न घेता बोललो. संध्याकाळी पाचला ताज बावडी. १६२० सालची ती प्रचंड विहीर पाहिली की आदिलशाही विजापूर पाण्याचा विचार कसा करत होतं ते कळतं. बेगम तलाव, भुयारी नळ, जागोजाग पाण्याचे मनोरे. ऊन पडणार हे गृहीत धरून बांधलेलं शहर आहे ते. दुसऱ्या दिवशी इब्राहिम रोजा, तोही सकाळी. दोन दिवसांत तीन ठिकाणं, आणि तिन्ही मुलांच्या लक्षात आहेत.

जुन्या दिवसांची आठवण काढून ‘मामाच्या गावची दुपार’ म्हणत उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. सारवलेल्या माजघरात आपण गारेगार झोपायचो तेव्हा मामी चुलीपुढे पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापत होती आणि उरलेल्या उन्हात पापड-कुरडया वाळवत होती. तिची सुट्टी कुणी मोजली नाही. लॉजवरच्या दुपारची खरी गंमत ही की त्या चार तासांत कुठल्याच बाईला चुलीपुढे जावं लागत नाही. म्हणून निघताना सगळा स्वयंपाक डब्यांत भरून नेण्याच्या मी विरुद्ध आहे. प्रवासापुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे पुरे; उन्हात टिकतात. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात दुपारपर्यंत दगा देतात. तिकडे गेल्यावर तिकडचं खावं. बदामीजवळ बनशंकरीला बायका टोपल्यांत ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, भाजी आणि छोट्या मडक्यांत लावलेलं दही घेऊन बसतात. झाडाखाली बसून ते जेवण जेवावं. उन्हाच्या गावचं अन्न उन्हाला धरूनच ठरलेलं असतं.

बदामीच्या लेण्यांचंही असंच. दक्षिणेकडच्या डोंगरात कोरलेली ही लेणी उत्तरेला, अगस्त्य तळ्याकडे तोंड करून आहेत. तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा, मंगलेशाने कोरवलेला लेख आहे. लाल दगडाच्या त्या ओसरीत बसलं की तळ्यावरून येणारी झुळूक लागते. चढायच्या पायऱ्या मात्र उघड्या आहेत आणि माकडं पाण्याच्या बाटल्यांवर टपलेली असतात. बाटली पिशवीत ठेवा.

माठ आणि समुद्र

आता घाटाखालचं. गोव्यात पारा ३४-३५ च्या पुढे फारसा जात नाही, मग विजापूरच्या ४१ पेक्षा तिथे जास्त का कासावीस व्हायला होतं? उत्तर आपल्या माठात आहे. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी सुकतं तेव्हा ते आतली उष्णता घेऊन जातं. विजापूरच्या कोरड्या हवेत माठ सुरेख गार होतो; गोव्यात मे महिन्यात तोच माठ कोमटाच्या जरा अलीकडे येऊन थांबतो, कारण हवाच पाण्याने भरलेली असते, तिला आणखी पाणी नको असतं. आपलं शरीर म्हणजे दुसरं काय आहे? घाम सुकला तर आपण थंड होणार. कोरड्या गावात तो इतक्या पटकन सुकतो की घाम आल्याचं कळतच नाही आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. समुद्रकाठी तो सुकतच नाही, नुसता वाहतो, आणि अंग आतून तापत राहतं.

म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागाला ४० अंशांची पायरी लावतं, तर किनाऱ्याला ३७ ची. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसं गेली, तेव्हा त्या परिसरात पारा ३८ च्या आसपास होता. आकडा पाहून कुणाला भीती वाटली नसती. किनाऱ्यावर पोरांना अकरा वाजता वाळूत सोडून आईबाप छत्रीखाली बसलेले दिसतात तेव्हा मला ते मैदान आठवतं. समुद्र सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात माशाचं जेवण, सोलकढी आणि पंख्याखालची झोप. मालवणी माणूस स्वतः याहून वेगळं काय करतो?

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं. घरच्या घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दवाखान्यात मिळणाऱ्या पुड्या असतील तर उत्तमच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. देवळांत चपला काढाव्या लागतात, तेव्हा जाड सुती मोजे जवळ ठेवावेत. फोटोत बरे दिसत नाहीत, पण तळपाय वाचतात. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंसुद्धा ठेवू नये. आणि कुणाचं अंग सडकून तापलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर ते ‘जरा ऊन लागलंय’ नव्हे. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ ला फोन करावा. हा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे चालतो.

इतकं सगळं सांभाळून मजा येते का? माझं उत्तर हो असं आहे, पण ज्या घरात दुपारी झोपायला कुणाला लाज वाटत नाही त्या घरापुरतं. ‘पैसे मोजलेत, तर सगळं बघून घेऊ’ हा ज्यांचा बाणा आहे त्यांनी मे महिन्यात घरीच थांबून संध्याकाळी किल्ल्याच्या तळ्याकाठी भेळ खावी. प्रकृतीला आणि संसाराला दोन्हींना बरं. तान्हं मूल, दिवस गेलेली लेक किंवा नुकतंच आजारपणातून उठलेलं माणूस घरात असेल तर मात्र माझ्या ‘हो’चा उपयोग नाही. त्यांनी जांबोटी-आंबोलीकडे जावं. बदामीचं पुढं बघता येईल. बनशंकरीची यात्रा पौषात, जानेवारीच्या सुमारास असते. तेव्हा उन्हाला धार नसते, पहाटे शाल लागते, आणि यात्रेत कंपन्यांची कन्नड नाटकं रात्रभर चालतात. शाळेला मात्र दोन दिवस दांडी मारावी लागेल, आणि पुण्याची भाचरं बरोबर नसतील.